संगीतदौरा, पर्यावरणानुकूल

संगीतदौरा, पर्यावरणानुकूल : गायक-वादकांनी स्थलोस्थली जाऊन श्रोत्यांसमक्ष सादर करावयाच्या कार्यक्रमांतील ऊर्जाव्यय, मालवाहतूक व कार्बन उत्सर्जन शक्य तितके घटवून दौऱ्याचा एकंदर भार हलका करण्याची योजना. पाश्चात्त्य रॉक संगीत भव्य क्रीडागारांत नांदू लागले, तेव्हापासून मंच, दिव्यांचे सांगाडे, ध्वनिक्षेपक व डिझेलची जनित्रे असा सारा सरंजाम मालमोटारींच्या तांड्यांनी, आणि सवड थोडी असल्यास विमानाने, हलविण्याचा दस्तूर पडला. इंग्लंडमधील ‘रेडिओहेड’ या वाद्यवृंदाने २००७ मध्ये तज्ज्ञांकडून या दस्तुराचा हिशेब करवून घेतला, तेव्हा असे निष्पन्न झाले की, सर्वांत मोठा वाटा कलावंतांच्या लवाजम्याचा नसून श्रोत्यांच्या जाण्यायेण्याचा आहे. पुढील वर्षीच्या दौऱ्यात त्यांनी सामान जहाजाने पाठविले आणि मंचावर एलईडी दिवे योजले.

ब्रिस्टलच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ने मँचेस्टर विद्यापीठाच्या टिंडल केंद्राकडून तयार करविलेला अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दौऱ्याचा आराखडा आखतानाच उत्सर्जनाचा विचार व्हावा, आणि प्रेक्षागृहांनी ध्वनी व प्रकाश यांची सामग्री स्वतःच बाळगावी, म्हणजे कलावंतांना फार काही वाहून आणावे लागू नये, असा त्याचा रोख आहे.

‘कोल्डप्ले’ने २०२२ पासूनच्या दौऱ्यात श्रोत्यांच्या उड्यांनी व सायकलींच्या पायट्यांनी वीज निर्माण करण्याची तजवीज केली, तीत कौतुक अधिक, वीज थोडी. आपले दर कार्यक्रमामागील उत्सर्जन २०१६-१७ च्या दौऱ्याच्या तुलनेने ५९ टक्क्यांनी घटल्याचे या वृंदाने २०२४ मध्ये जाहीर केले, व ते निःसंशय स्पृहणीय आहे. परंतु ही टक्केवारी निर्मिती, मालवाहतूक आणि वृंदाचा व सेवकवर्गाचा प्रवास एवढ्यापुरतीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात झालेल्या त्यांच्या तीन कार्यक्रमांस परगावाहून लोटलेल्या रसिकांचा प्रवास अशा गणनेत येत नाही.

एकाच स्थळी दीर्घकाळ तळ ठोकणे हा दुसरा मार्ग. महाराष्ट्रातील संगीत नाटकमंडळ्या एकेका गावी मुक्काम करून प्रयोगांमागून प्रयोग लावीत, त्याच पद्धतीचा हा अवतार म्हणता येईल. मात्र त्या मंडळ्यांचा प्रेक्षक बहुशः पंचक्रोशीतला असे. ऑगस्ट २०२४ मध्ये ॲडेल या गायिकेने म्यूनिकमध्ये तात्पुरते क्रीडागार उभारवून दहा कार्यक्रम केले. मंच एका जागी स्थिर राहिला, पण श्रोते देशोदेशींहून आले, म्हणजे ओझे केवळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले.

त्याच महिन्यात ‘मॅसिव्ह अटॅक’ने ब्रिस्टलच्या माळावर जो कार्यक्रम केला, त्यात जनित्रांची जागा बॅटऱ्यांनी घेतली होती, खाद्यपदार्थ वनस्पतिजन्य होते, श्रोत्यांच्या मोटारींसाठी वाहनतळ ठेवलेला नव्हता, परतीसाठी जादा आगगाड्यांची व्यवस्था होती आणि आगाऊ तिकीटविक्रीत परिसरातील रहिवाशांना अग्रक्रम होता. यांपैकी शेवटच्या उपायास कोणतेही नवे यंत्र लागत नाही, आणि दौऱ्याच्या सर्वांत मोठ्या भारावर थेट आघात करणारा तोच आहे.