एकवीस हजारांचा दाखला

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत डिपिंग-थिनिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला आणि विरळ करायला, येणाऱ्या मजुरांची कमाई कोणत्याही पगारपत्रकात सापडत नाही. काम एकरावर उक्तं ठरतं, पैसे बहुधा मुकादमाच्या हातून वाटले जातात आणि पावसाळ्यात हीच माणसं घरच्या भात-नागलीकडे वळतात. पण अशा घरातली विधवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन तहसील कचेरीत गेली, की तिच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एका आकड्यात लिहावं लागतं. तो आकडा एकवीस हजारांच्या आत हवा.

उत्पन्न विचारून गरीब ठरवायची ही रीत फार जुनी नाही. १९७१ साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. १९६०-६१च्या किमतींनुसार माणशी महिना खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, ही त्यांची किमान पातळी होती. हा हिशेब कमाईचा नव्हता, खर्चाचा होता. राष्ट्रीय नमुना पाहणीचे लोक घरोघर जाऊन धान्य, तेल, कापड किती लागलं ते विचारत. हमालाला किंवा कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षाची मिळकत सांगता येत नाही. घरात काय आलं ते सांगता येतं. शिवाय ही रेषा देशात गरीब किती आहेत हे मोजायला होती, समोरची बाई गरीब आहे की नाही हे ठरवायला नव्हती.

सरकारी योजनांनी या रेषेचाच दरवाजा केला. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात सहाव्या योजनेच्या काळात पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ३,५०० रुपयांची मर्यादा आली. १९९२च्या पाहणीत ती ११,००० झाली. १९९७ला केंद्राने पुन्हा खर्च विचारला, आणि २००२ला तर थेट उत्पन्न न विचारता जमीन, घर, कपडे, जेवण अशा तेरा बाबींवर गुण दिले. म्हणजे उत्पन्न विचारून हाती नीट काही लागत नाही, हे दिल्लीला पुरतं कळलं होतं.

महाराष्ट्रात मात्र उत्पन्न पक्कं बसलं. १ मे १९९९पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या: १५,००० रुपयांपर्यंत पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, वर पांढरी. अन्न सुरक्षा कायद्यासाठी शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० ही मर्यादा ठरली. २०२४ला लाडकी बहीण योजनेत ती अडीच लाख होती, आणि पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. जुना रंग नव्या योजनेचा पुरावा झाला.

नोकरदाराचं उत्पन्न फॉर्म १६ सांगतो. मजुराचं मात्र त्याच्या स्वयंघोषणेवर आणि तलाठ्याच्या चौकशीवर ठरतं, मग तहसीलदाराची सही होते. रोज तीनशे रुपये धरले तर सत्तर दिवसांत एकवीस हजार भरतात. म्हणजे घरातल्या एकानेही एक हंगाम धड काम केलं, तर त्या घरातली निराधार विधवा कागदावर निराधार उरत नाही. २०२३ला संजय गांधी योजनेचं अनुदान महिना दीड हजार झालं, वर्षाला अठरा हजार. मर्यादा तेव्हाही एकवीस हजारच होती. अशा मर्यादेपुढे खरं बोलणारी बाई अपात्र ठरते. तिला खोटं लिहायला लावायचं आणि मग खोट्या दाखल्यांवर कारवाईची भाषा करायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

याच राज्याने याहून शहाणी रीत शोधली होती. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेत, १९७२च्या दुष्काळात आणि पुढे १९७७च्या कायद्यातही, काम मागणाऱ्याला उत्पन्न विचारलं जात नव्हतं. योजनेतल्या मजुरीवर खडी फोडायला जो तयार होतो त्याला गरज आहे, एवढं पुरेसं होतं. म्हातारी आणि आजारी माणसं खडी फोडू शकत नाहीत, तेव्हा तीच कसोटी त्यांना लावता येणार नाही. पण मर्यादा तरी वाढवता येईल. सरकारी नोकराचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढतो. तीच सोय या एकवीस हजारांना लावायला कोणतीही पाहणी लागत नाही. आणि विधवेच्या अर्जात घरच्या मजुराची हंगामी मजुरी निम्मीच धरावी, असा नियमही करता येईल.