जरीचा धागा व विजेचा दिवा

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर लिहावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. विषय कोणता घ्यावा या विवंचनेत असता तो घरातच सापडला.

गत दिवाळीत इयत्ता आठवीत शिकणारी माझी नात आपल्या पणजीच्या जीर्ण पैठणीचा तुकडा मागू लागली. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला असे तोरण करावयाचे होते की, अंधार पडताच त्यातील दिवे आपोआप लागावेत आणि ठरवून दिलेल्या क्रमाने त्यांची उघडझाप व्हावी. विजेची तार कापडावर शोभत नाही, म्हणून तिने जुन्या काठातून उसवलेले जरीचे धागे तारेच्या जागी शिवले. दिवे लागले! नंतर बाजारातील नव्या साडीची जर लावून पाहिली, तर एकही दिवा लागला नाही. “आजोबा, असे का?” या तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी आपल्या धंद्याच्या इतिहासात शिरलो.

आपला बीड जिल्हा विणकामाच्या प्राचीन प्रदेशात वसलेला आहे. उत्तरेस गोदावरीकाठी पैठण, तर दक्षिणेस तेर, म्हणजेच प्राचीन तगर. या दोन्ही पेठांचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आढळतो. तगरचे कापड भडोच बंदरी जात असे, असेही त्यात नमूद आहे.

जुनी अस्सल जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची बारीक तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असे. तिलाच कलाबतू म्हणत. चांदी हा विजेचा सर्वोत्तम वाहक धातू होय. आजच्या स्वस्त जरीत बहुधा प्लास्टिकची चकचकीत पट्टी असते व तिच्यातून वीज नीट वाहत नाही. नातीच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत रेहमी पोस्ट व मॅगी ऑर्थ हे संशोधक १९९७ च्या सुमारास कापडावर विजेची मंडले रचू लागले, तेव्हा त्यांनी रेशमावर धातूची पट्टी गुंडाळलेल्या धाग्यांचे, भारतात दीर्घकाळ विणले जाणारे वस्त्र निवडले. आपल्याकडील कारागिराने जे शोभेसाठी केले, ते विज्ञानाला वाहक म्हणून उपयोगी पडले. पुढे लिआ ब्युकली या विदुषीने योजिलेले, धाग्याने कापडावर शिवता येणारे ‘लिलिपॅड’ हे लहानसे नियंत्रक मंडल २००७ साली बाजारात आले. नातीच्या तोरणात बसविलेले मंडल याच प्रकारचे.

दिव्यांनी केव्हा व कोणत्या क्रमाने लागावे, हे त्या मंडलास आधी आज्ञा लिहून सांगावे लागते. आज्ञा लिहून ठेवण्याची ही कल्पनाही मागावरूनच गणकयंत्राकडे गेली आहे. फ्रान्सातील लिओं शहरी, विणकराच्या घरी जन्मलेल्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ साली छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. पुठ्ठ्यावर छिद्र असेल तेथे उभा धागा वर उचलला जाई, नसेल तेथे तो खालीच राही. पूर्वी दोऱ्या ओढण्यासाठी मागापाशी मुलगा बसवावा लागे, त्याचे काम पुठ्ठ्याने केले. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती घेतली. सुमारे २४,००० पुठ्ठ्यांच्या साहाय्याने रेशमात विणलेले जकार्डचे चित्र त्याच्या संग्रही होते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केलेल्या गणकयंत्राची स्मृतीही तारांत ओवलेल्या चुंबकी कड्यांची होती. १९६९ साली चंद्रावर माणूस उतरला, त्या यानाच्या गणकयंत्रातील आज्ञावली तर कारखान्यातील कुशल स्त्रियांनी अक्षरशः हातांनी ओवली होती. तार कड्यातून नेली तर एक, कड्याबाहेरून नेली तर शून्य!

आता एक कबुली देणे मला प्राप्त आहे. पस्तीस वर्षे वर्गात उभे राहून मी ज्ञातीच्या मुलांना ‘माग सोडा, विद्या धरा’ असा उपदेश केला. माग व विद्या या दोन विरुद्ध वस्तू आहेत, असा माझा समज होता. वडिलांचा खड्ड्याचा माग मोडला, तेव्हा त्याची लाकडे मीच माळवदावर टाकली. पुढे ती सरपणात गेली. वडिलांच्या हाताला ठाऊक असलेले नक्षीचे गणित त्यांच्याबरोबरच गेले. ते कोणी लिहून घेतले नाही, मी शिक्षक असूनही.

तोरणाला दिवे लावल्याने विणकराचे पोट भरेल, असे मी म्हणत नाही. हातमागाची हलाखी आपण सर्वांनी भोगली आहे. परंतु हातकाम व यंत्रविद्या एकत्र शिकता येतात, हे पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाने खेड्यातच दाखवून दिले आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व विशेषतः भगिनींस नम्र विनंती आहे. ज्या घरी कांडी भरणारा, धोटा फेकणारा वा नक्षी जाणणारा एखादा वृद्ध हात अद्याप शिल्लक असेल, त्याच्याशेजारी येत्या उन्हाळी सुटीत आपल्या शिकत्या मुलामुलींस बसवावे. त्यांनी वही घेऊन प्रत्येक धाग्याचा हिशेब लिहून घ्यावा. तो हिशेब त्यांना परका वाटणार नाही. शाळेत गणकयंत्रावर ते जे शिकतात, त्याचेच ते जुने रूप आहे. माझ्या घरी ही संधी गेली. आपल्या घरी ती अजून असेल, तर दवडू नये.