तोलाचे मूल्यमापन (फिजिओथेरपी)

शरीराचा गुरुत्वमध्य आधारक्षेत्राच्या मर्यादेत राखण्याची आणि तो ढळल्यास सावरण्याची क्षमता म्हणजे तोल. डोळे, अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिय आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना यांच्याकडून आलेल्या माहितीची सांगड मेंदू घालतो आणि त्यानुसार स्नायू हलतात. यातील कोणता दुवा कमकुवत आहे व पडण्याचा धोका किती आहे, हे मूल्यमापनातून ठरवतात. पक्षाघात, पार्किन्सन आजार, मधुमेहातील मज्जातंतूविकार, खुब्याचे अस्थिभंग आणि वार्धक्य यांत ते विशेष गरजेचे असते.

चाचण्या : रॉम्बर्ग चाचणी 19व्या शतकातली. रुग्ण पाय जुळवून उभा राहतो. डोळे उघडे असताना स्थिर असलेला रुग्ण ते मिटताच डळमळला, तर सांध्यांची संवेदना मंदावल्याची शंका येते. बर्ग तोल मापनश्रेणी (1989) 14 कृतींची असून प्रत्येकीस 0 ते 4, असे एकूण 56 गुण असतात. ‘टाइम्ड अप अँड गो’ (1991) या चाचणीत रुग्ण खुर्चीवरून उठतो, 3 मीटर चालतो, वळून परततो व बसतो. वृद्धांना यास 12 सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका गृहीत धरतात.

संशोधनातील मापन : प्रयोगशाळेत बलमापक फलकावर उभे करून पायांखालील दाबकेंद्राचे हेलकावे मोजतात. श्रेणी निवडताना विश्वसनीयता व वैधता पाहावी लागते. बर्ग श्रेणीत सुदृढ व्यक्तींना जवळपास पूर्ण गुण मिळतात, त्यामुळे त्यांच्यातील बारीक फरक तिला टिपता येत नाहीत.

ग्रामीण उपयोग : भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील अड्याळसारख्या धानपट्ट्यातील गावांत खुर्ची, घड्याळ व मोजपट्टी एवढ्यावर रॉम्बर्ग व ‘टाइम्ड अप अँड गो’ या चाचण्या करता येतात. मात्र इथला रोजचा तोल खुर्चीपुरता नसतो. रोवणीत (भात लावणीत) चिखलाच्या बांधीत (खाचरात) वाकून मागे सरकावे लागते, अरुंद धुऱ्यावरून (बांधावरून) ओझे न्यावे लागते, जेवण-शौच जमिनीलगत होते. म्हणून जमिनीवर बसणे-उठणे चाचणी येथे उपयुक्त ठरते. बसण्यास 5 व उठण्यास 5 गुण असतात. हात किंवा गुडघ्याच्या प्रत्येक आधारासाठी 1, डळमळल्यास अर्धा गुण कापतात. धुऱ्यावर चालण्याच्या क्षमतेचा अंदाज एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवून एका रेषेत उभे राहण्याच्या चाचणीतून येतो; 10 सेकंद न टिकल्यास धोका मानतात.

दक्षता : तपासणारा रुग्णाच्या हाताच्या अंतरावर उभा असावा. रुग्ण अनवाणी होता की चपला घालून, काठी वापरली का, हे नोंदवावे. पुढची मोजणी त्याच पद्धतीने झाली तरच तुलना खरी ठरते. गेल्या वर्षभरात किती वेळा व कुठे पडलात, हे प्रथम विचारावे, कारण आधी पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते.