मुंबई बंदर आणि मुहाजिर

संगमनेरसारख्या गावातली मुलं-मुली आता शिकायला परदेशी जातात. कुणी इस्तंबूलला गेलं की आयासोफियासमोरचा फोटो येतो. एखाद्याला शिक्षणाचा भाग म्हणून निर्वासितांच्या संस्थेत काही महिने कामही करायला मिळतं. ही वाट नवी नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अलिगढच्या काही तरुणांनी ती मुंबई बंदरातून धरली होती.

ऑक्टोबर १९१२ मध्ये बाल्कन राष्ट्रांनी उस्मानी तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं. हिंदुस्थानच्या मुसलमानांत खळबळ उडाली. मौलाना मुहंमद अली यांनी ‘कॉम्रेड’मधून निधीसाठी आवाहन केलं. डिसेंबरमध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय पथक मुंबईहून जहाजाने निघालं. त्यात डॉक्टर मोजकेच होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, रुग्णांना उचलणं ही कामं करणाऱ्यांमध्ये अलिगढचे चौधरी खलीकुज्जमान, शुऐब कुरेशी, अब्दुर्रहमान सिद्दीकी, अब्दुर्रहमान पेशावरी असे तरुण होते.

खलिफाच्या शहराबद्दल त्या पिढीला मोठं आकर्षण होतं. पण हे तरुण पोचले तेव्हा ते शहर पर्यटकांचं राहिलं नव्हतं. बाल्कन प्रदेशातून बैलगाड्यांत संसार घालून आलेली कुटुंबं मशिदींत आणि त्यांच्या आवारांत राहत होती. आज जिथे फोटो काढतात त्या आयासोफियात नोव्हेंबरमध्ये कॉलऱ्याचे रुग्ण ठेवले होते. या युद्धांमुळे तुर्कस्तानात आलेल्या मुस्लिम निर्वासितांची संख्या इतिहासकार सुमारे ४ लाख मानतात. तुर्क त्यांना ‘मुहाजिर’ म्हणत. नुसत्या मलमपट्टीने भागणार नाही हे ओळखून डॉ. अन्सारींनी या लोकांना अनातोलियात जमिनीवर वसवण्याची योजनाही मांडली.

जुलै १९१३ मध्ये पथक मायदेशी परतलं. पेशावरी मात्र तिकडेच राहिले. ते तुर्की सैन्यात गेले, पुढे अनादोलू वृत्तसंस्थेत काम केलं, तुर्कस्तानचे प्रतिनिधी म्हणून काबूलला गेले. १९२५ मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यावर रऊफ ऑरबाय समजून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

परतलेल्यांचे रस्तेही वेगळे झाले. डॉ. अन्सारी जामिया मिल्लियाच्या संस्थापकांपैकी एक होते. १९२७ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९३६ मध्ये वारले. खलीकुज्जमान मुस्लिम लीगचे पुढारी झाले. १९४० च्या लाहोर ठरावाला त्यांनी अनुमोदन दिलं आणि १९४७ मध्ये लखनौ सोडून ते पाकिस्तानात गेले. कुरेशी आणि सिद्दीकीही तिकडेच गेले.

ज्या मुंबई बंदरातून ते परक्या देशातल्या मुहाजिरांच्या सेवेला निघाले होते, त्याच बंदरात १९४७ मध्ये कराचीहून सिंधी हिंदू कुटुंबं उतरत होती. त्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं, तिचंच पुढे उल्हासनगर झालं. इकडून कराचीला पोचलेल्यांना तिथे नाव मिळालं, तेही ‘मुहाजिर’!

खलीकुज्जमान यांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. त्यांनी ऐन तारुण्यात रुग्णांची सेवा केली होती. पण घरदार सुटलेली माणसं जवळून पाहिलेल्या माणसालाही फाळणीच्या राजकारणाची किंमत वेळेवर दिसली नाही. म्हणजे निर्वासितांमध्ये काम केल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही. त्या अनुभवाचा उपयोग घरी परतल्यावर, आपल्या माणसांविषयी निर्णय घेताना झाला तरच तो कामाचा.

निळवंडे धरणात गावं गेलेली कुटुंबं आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातली. त्यांच्यासाठी आपला शब्द ‘धरणग्रस्त’. परदेशातल्या छावणीत काम करून आलेल्या आपल्या मुलांना जरूर ऐकावं, त्यांचं कौतुकही करावं. सोबत एवढंच विचारावं, तिकडे जे पाहिलंस ते इकडे कुठे दिसतं?