ओनामा : पहिल्या अक्षराच्या आवाजाची गोष्ट

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत लहान मुलांच्या 'फोनिक्स' वर्गांच्या पाट्या आता सवयीच्या झाल्या आहेत. 'बी' हे अक्षराचे नाव नंतर, 'ब्' हा त्याचा आवाज आधी, हे या वर्गांचे सूत्र. ही कल्पना नवी आणि केवळ इंग्रजीच्या कामाची आहे, असा समज आढळतो. त्या समजाविषयी हा धागा.

पंतोजींच्या शाळेत अक्षरओळख धूळपाटीवर होई. फळीवर धूळ पसरायची, तीत अक्षर गिरवायचे आणि मोठ्याने घोकायचे. आरंभी 'ओनामासीधं'. मूळ वचन 'ॐ नमः सिद्धम्'. मुलांच्या तोंडी त्याचे रूप बदलले, अर्थ हरवला आणि मराठीला आरंभवाचक 'ओनामा' हा शब्द मिळाला. अर्थ न कळता सुरू झालेल्या शिक्षणाची याहून प्रामाणिक नोंद भाषेने क्वचितच ठेवली असेल!

मोडीच्या जोडीने वापरात असलेल्या देवनागरीला मराठीत नावच 'बाळबोध'. ही लिपी बालकाला खरोखर सोयीची. इंग्रजीतल्या 'सी'चा उच्चार कधी 'क', कधी 'स'. आपल्या 'क'चे नाव मात्र 'क'च. मग मराठी मुलाला अडचण कसली?

अडचण आहे. चाक आणि चिमणी म्हणून पाहा. जाळे आणि जीभ म्हणा. अक्षर एक, आवाज दोन. मूल घरी हे दोन्ही आवाज अचूक काढते. गोंधळ उडतो तो पाटीवर. 'ण' आणि 'ळ' यांनी तर मराठी शब्द सुरूच होत नाहीत. म्हणून 'ण' बाणाचा आणि 'ळ' बाळाचा. आद्याक्षर शिकवताना शब्दाचे शेपूट दाखवायचे! घोकंपट्टीत हे खपून जाते, कारण तिथे कान देऊन ऐकण्याची गरजच नसते.

कानाला महत्त्व देणारी पद्धत मारिया माँटेसरी यांची. १९०७ साली रोममध्ये त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मुलाने बोट फिरवायचे आणि शिक्षिकेने त्याच क्षणी अक्षराचा ध्वनी उच्चारायचा, नाव नव्हे. हा विचार भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी रुजवला. १९२३ मध्ये तिथे ताराबाई मोडक दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला.

दादरच्या मध्यमवर्गीय घरांतली मुले शिशुविहारात येत. १९४५ मध्ये ताराबाई पश्चिम रेल्वेच्या मार्गावर बोरिवलीच्या बऱ्याच पुढे, डहाणूपलीकडच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. इथे वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला; १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. महागड्या माँटेसरी साधनांची जागा शिंपले, खडे, पाने आणि बिया यांनी घेतली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. गुरांमागे जाणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

या बदलाकडे आपण काटकसर म्हणून पाहतो. मला त्यात अक्षरओळखीचाही धडा दिसतो. शब्दाचा पहिला आवाज वेगळा काढायचा, तर तो शब्द आधी मुलाच्या तोंडात असावा लागतो. 'शिंपला' हातात धरलेल्या मुलाला 'श' ऐकू येतो. यज्ञ आणि ऐरण कधीही न पाहिलेल्या मुलापुढे अंकलिपीतले तेच चित्र ठेवले की उरते पाठांतर, म्हणजे पुन्हा 'ओनामासीधं'.

उलट दिशेनेही हे घडले आहे. बॅट आणि बॉल हे शब्द उपनगरांतल्या मुलांच्या खेळात कितीतरी आधीपासून होते. 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले, ते ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने. चाक आणि चिमणी मात्र आजही एकाच 'च'ने लिहिली जातात.