खोलायचा की बदलायचा : सोनपेठ परिसर आणि ट्रकचा गिअरबॉक्स

सोनपेठ शहराला रेल्वे नाही. परळी आणि गंगाखेड ही जवळची स्थानके, पण तिथवर माल न्यायचा तो रस्त्यानेच. त्यामुळे परभणी जिल्ह्याच्या या भागात कापूस, ज्वारी आणि पुढे ऊस यांच्या वाहतुकीचा भार ट्रकवर पडला, आणि ट्रकचा गिअरबॉक्स बिघडला की तो दुरुस्त करायचा की दुसरा बसवायचा हा प्रश्न गाडीमालकाच्या वर्षभराच्या हिशेबाचा झाला. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात बदलत गेले. आत काय तुटले आहे यापेक्षा सुटा भाग कुठे मिळतो आणि गाडी किती दिवस उभी ठेवणे परवडते, यावरच ते बहुतेक वेळा ठरले.

मराठवाड्यात मोटारदुरुस्तीची शिस्त आधी बसगाड्यांनी आणली. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी काम सुरू केले. त्या ब्रिटनमधल्या अल्बियन कंपनीच्या होत्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्याची ही सेवा मुंबई राज्याकडे आली आणि १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. महामंडळाने औरंगाबादजवळ चिकलठाण्याला मध्यवर्ती कार्यशाळा चालवली. एसटीची पद्धत साधी आणि फार शहाणपणाची होती. आगारात नादुरुस्त गिअरबॉक्स उतरवायचा, त्या जागी दुरुस्त होऊन आलेला दुसरा चढवायचा आणि उतरवलेला कार्यशाळेकडे पाठवायचा. बस लवकर रस्त्यावर येई आणि दुरुस्ती मागाहून, सवडीने होई. म्हणजे एसटीपुढे ‘दुरुस्ती की बदल’ असा पेच नव्हता. तिथे दोन्ही होत. मात्र त्यासाठी एकाच बनावटीच्या शेकडो गाड्या आणि शिल्लक गिअरबॉक्सचा साठा हाताशी लागतो. एक-दोन ट्रक असलेल्या मालकाकडे यातले काहीच नव्हते.

त्याच्याकडे गाड्याही नाना तऱ्हेच्या. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो तयार होत. १९५४ पासून जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज-बेंझचे ट्रक बनू लागले, तर मद्रासेत लेलँडचे. आयातीवर कडक निर्बंध होते. अशा काळात दुसरा गिअरबॉक्स बसवणे हा पर्याय बहुतेकांसाठी कागदावरच राहिला. तुटलेला दात वेल्डिंगने भरून कानशीने घासायचा, बेअरिंगची झिजलेली बैठक लेथवर मोठी करून त्यात बुश ठोकायचा, अशी कामे चालत. भरलेला दात फार टिकत नसे. गिअरच्या पृष्ठभागाला कारखान्यात दिलेला कठीणपणा वेल्डिंगच्या उष्णतेने जातो, आणि तोच दात पुन्हा झडतो. हा दोष कारागिराच्या हाताचा नव्हता. त्या कारागिरांनी धातूच्या मर्यादेपर्यंत जाऊन गाड्या चालत्या ठेवल्या, याची नोंद व्हायला हवी.

जुन्या गिअरबॉक्सची झीज चालकाच्या सवयीवरही अवलंबून असे. अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ मध्ये गिअरचे वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंक्रोमेशचा वापर सुरू केला, पण भारतातल्या अनेक ट्रकना तो कितीतरी वर्षांनी मिळाला. तोवर खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबून मध्ये रेस द्यावी लागे. ज्याला हा डबल क्लच साधला त्याचा गिअरबॉक्स वर्षानुवर्षे चाले. ज्याला साधला नाही त्याच्या गाडीत दातांची टोके गोल होत.

१९६९ मध्ये मर्सिडीजचा करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटाचे चिन्ह आले, आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्यावर टाटाच्या गाड्यांचेच प्राबल्य झाले. याचा दुरुस्तीच्या धंद्यावर मोठा परिणाम झाला. एका गाडीचा भाग दुसरीला बसू लागला. मुंबईत कुर्ला आणि दिल्लीत मायापुरी इथे भंगारात निघालेल्या गाड्यांचे भाग विकले जात. त्यामुळे आख्खा जुना गिअरबॉक्स घेऊन बसवणे शक्य झाले. धोका एवढाच, की जुना गिअरबॉक्स बाहेरून धुतलेला आणि रंगवलेला दिसतो, आत काय आहे ते खोलल्याशिवाय कळत नाही.

सोनपेठ तालुक्यात हा प्रश्न खरा तापला तो उसामुळे. माजलगाव धरणाचे पाणी कालव्याने फिरले, ऊस वाढला, आणि तालुक्यातच सायखेड्याला साखर कारखाना उभा राहिला. तोडलेला ऊस एका दिवसात गाळला गेला नाही तर त्याचे वजन आणि उतारा दोन्ही घटतात. ऊसतोड टोळीला उचल आधीच दिलेली असते, त्यामुळे तिला रिकामे बसवणेही परवडत नाही. काळ्या मातीच्या शेतातून भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये बाहेर काढायची, अडली की रिव्हर्स टाकायचा, पुन्हा पहिला. सारा ताण याच दोन गिअरवर येतो. दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या महिन्यांत गाडी आठवडाभर उभी राहिली तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा बुडालेल्या खेपांचे नुकसान मोठे होते. म्हणून हंगामात जुना का होईना, तयार गिअरबॉक्स चढवून गाडी चालू करणे आणि उतरवलेला पावसाळ्यात खोलणे, हाच मार्ग सोयीचा ठरला. एसटीने पगारी यंत्रणेवर जे केले, तेच गाडीमालकांनी भंगार बाजाराच्या आधाराने केले.

जाणता मिस्त्री मात्र गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोष तिथेच आहे का हे पाहतो. गिअर पडताना करकर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता असते. गिअर लिव्हर जड झाला असेल तर जोडदांड्याचे बुश झिजलेले असू शकतात. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये होणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबला, तर संशय पुढच्या शाफ्टच्या किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. यानंतर ऑइल काढतात. चुंबकाच्या बोल्टला चिकटलेला बारीक राखाडी लगदा ही नेहमीची झीज असते. दाताचे तुकडे निघाले तर खोलण्याला पर्याय नाही. बेअरिंग, ऑइल सील, सिंक्रो रिंग किंवा शिफ्टर फोर्क एवढेच गेले असेल तर दुरुस्ती निःसंशय स्वस्त पडते. गिअर बदलायचा तर त्याच्या जोडीचाही बदलावा लागतो, नाहीतर नवा दात झिजलेल्या दातावर नीट बसत नाही आणि गाडी ओरडते. काउंटर शाफ्ट आणि मेन शाफ्ट दोन्ही गेले, किंवा केसिंगला तडा जाऊन बेअरिंगच्या बैठका सरकल्या, तर हिशेब उलटतो. अशा केसिंगमध्ये कितीही नवे भाग घातले तरी शाफ्ट सरळ रेषेत राहत नाहीत.

अलीकडे निर्णयाची आणखी कारणे आली आहेत. कंपन्या स्वतःच दुरुस्त केलेले गिअरबॉक्स जुन्याच्या बदल्यात, हमीसह देतात. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरवर अवलंबून राहण्याचे प्रमाण वाढले. पंधरा वर्षे उलटलेल्या ट्रकला फिटनेस मिळणार का, ही शंका असेल तर त्यात महागडा गिअरबॉक्स घालायला मालक धजावत नाही.

ऊस आता मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जातो, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत हा प्रश्न सहसा पडतच नाही. तिथे गिअरबॉक्सचे केसिंग हाच गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो. त्याच्या पुढे इंजिन आणि मागे डिफरन्शियल जोडलेले असते. ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करायचे आणि बिघडलेले गिअर, बेअरिंग जागेवरच बदलायचे, अशीच दुरुस्ती होते.