भोगवर्धनाचे दान आणि विद्यापीठातील पालि अध्ययन

बौद्ध धम्माचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा सम्राट अशोक, कनिष्क, हर्षवर्धन अशा राजांवर स्थिरावते. राजाश्रयाने धम्म वाढला आणि राजाश्रय सरताच तो क्षीण झाला, असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. परंतु दगडावर कोरलेला पुरावा याहून निराळी गोष्ट सांगतो. ती गोष्ट समजून घेण्यासाठी जालना जिल्ह्यातील भोकरदनसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. विद्यापीठातील बौद्ध अध्ययनास आधार कोणी द्यावयाचा, हा आजचा प्रश्नही त्या गोष्टीशी निगडित आहे.

केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथून उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या टापूत हे नगर होते. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी नावाचा ब्राह्मण आचार्य गोदावरीच्या तीरावर अस्सक देशात राहत असल्याचे वर्णन आहे. त्याचे सोळा शिष्य पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा या क्रमाने उत्तरेकडे बुद्धांच्या भेटीस गेले. आज जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा ज्या गोदावरीने आखली आहे, तीच ही गोदावरी. दक्षिणापथातील जिज्ञासू लोक प्रश्न घेऊन बुद्धांकडे जात, ही स्मृती पालि वाङ्मयाच्या अतिप्राचीन स्तरात जतन झाली आहे, ही बाब लहान नव्हे.

सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवढन म्हणजे भोगवर्धन येथील दात्यांची नोंद आढळते. सांचीचे बहुसंख्य दाते राजे नव्हते. गृहस्थ, व्यापारी, कारागीर, भिक्खू आणि भिक्खुणी यांनी एकेक शिळा, एकेक कठडा दान दिला. तेथील दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले काम नोंदविले आहे. औरंगाबाद परिसरातील पितळखोरा लेण्यातही प्रतिष्ठानच्या मितदेव नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान कोरलेले आहे. राजाश्रयाच्या जोडीला, किंबहुना त्याहून व्यापक असा, लोकाश्रय येथे दिसतो.

या दानलेखांनी पुढे आणखी एक उपकार केला. ब्राह्मी लिपी वाचण्याचे ज्ञान भारतात लोप पावले होते. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप सांचीच्या लहान लहान लेखांचे ठसे पाहत असता बहुतेक लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात हे त्यांच्या ध्यानी आले. हा शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्यांनी केला. त्या एका शब्दाने लिपीचे कुलूप उघडले आणि अशोकाचे शिलालेख पुन्हा बोलू लागले. आधुनिक बौद्ध अध्ययनाचा पाया अशा रीतीने सामान्य उपासक-उपासिकांच्या दानावरच उभा आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

भोकरदनच्या मातीतील इतिहास वर आला तोही विद्यापीठांमुळेच. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले आणि डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांचा त्यावरील अहवाल 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन समृद्ध नगराचे अवशेष त्यातून प्रकाशात आले. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य, इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई नगरात मिळालेल्या मूर्तीशी असल्याचे विद्वानांनी दाखवून दिले आहे. विद्यापीठांनी कुदळ हाती घेतली नसती, तर आपल्या तालुक्याचा हा पूर्वेतिहास आपल्यालाच अज्ञात राहिला असता.

महाराष्ट्रात पालिचे विद्यापीठीय अध्ययन रुजले तेही विचारपूर्वक दिलेल्या आधारामुळे. गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी श्रीलंका व ब्रह्मदेशात राहून पालिचे ज्ञान मिळविले. कलकत्त्यात अधिक वेतनाचे काम असतानाही त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये पसंत केले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून काम करता येणार होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालिचा प्रवेश झाला. 1912 ते 1918 या काळात कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकविले. पु. वि. बापट आणि चिं. वि. जोशी हे त्यांचे विद्यार्थी. चिमणरावांचे जनक म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते जोशी पालिचे व्यासंगी अध्यापक होते, हे आज अनेकांच्या स्मरणात नसेल. पन्नास रुपयांचा आधार, एक अध्यापक आणि अभ्यासक्रमातील एक जागा एवढ्यावर विद्वानांची पिढी उभी राहिली.

तरीही या अध्ययनाची दारे बहुजन समाजास, विशेषतः अस्पृश्य मानलेल्या समाजास, सहज खुली नव्हती. ती उघडण्याचे कार्य परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध पावलेले महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले ते त्यानंतर आठ वर्षांनी, 1958 मध्ये. त्या काळी जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. बाबासाहेबांनी स्वतः पालिचा शब्दकोश व व्याकरण तयार करण्यास हात घातला होता. ते कार्य महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात 1998 मध्ये प्रसिद्ध केले. राज्यघटनेचा शिल्पकार कोशाच्या नोंदी करीत बसतो, यातच पालि अध्ययनाचे मोल सिद्ध होते.

मिलिंद या नावात अध्ययनाचा एक नियमही सामावलेला आहे. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद चर्चेची इच्छा प्रकट करतो, तेव्हा स्थविर नागसेन त्याला अट घालतात. पंडित चर्चा करतात तशी करणार असाल तर मी बोलेन. राजे करतात तशी करणार असाल तर नाही. पंडित वादात पराभूत झाला तरी रागावत नाही. राजा मात्र विरोधकास दंड देतो. विद्यापीठास साहाय्य करणाऱ्या प्रत्येक दात्याने हा प्रसंग ध्यानी ठेवावा. दान देणाऱ्याने अध्यासन निर्माण करावे, शिष्यवृत्ती द्यावी. परंतु संशोधनाचा निष्कर्ष काय असावा हे ठरवू नये. स्वतः बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभी परंपरेने मानलेल्या गोष्टींविषयी प्रश्न उपस्थित केले आणि त्यांवर चर्चा व्हावी अशी अपेक्षा व्यक्त केली. ज्या समाजाने प्रश्न विचारण्याचा अधिकार झगडून मिळविला, त्याने आपल्या अभ्यासकांच्या प्रश्नांना भिऊ नये.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला. या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत घरे जळाली, माणसे प्राणास मुकली. एवढी किंमत मोजून लाभलेले नाव कमानीपुरते राहणे योग्य नव्हे. त्या विद्यापीठात पालि व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे आणि जालना जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. 2013 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांतून पालि वगळली गेली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीसोबत पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. शासनाची धोरणे अशी बदलत असतात. केवळ त्यांवर विसंबून राहणारी विद्या त्यांच्याबरोबरच डोलत राहते.

म्हणून भोगवर्धनाच्या दात्यांचा मार्ग पुन्हा अनुसरावा लागेल. आपल्या विहारांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन होते. त्याला जोडून पालि व्याकरणाचा प्राथमिक वर्ग चालविता येईल. त्रिशरण आणि पंचशील मुखोद्गत असलेल्या बालकास त्यातील ‘सरणं’ ही द्वितीया विभक्ती आहे आणि ‘गच्छामि’ हे प्रथमपुरुषी क्रियापद आहे, हे सांगण्यास एक तासही पुरतो. आणि अर्थ उमगला की पठणाचे रूपांतर अध्ययनात होते. पदव्युत्तर पालिसाठी प्रवेश घेणाऱ्या एका विद्यार्थ्याचा दोन वर्षांचा निवास व ग्रंथखर्च एका तालुक्यातील विहारांनी मिळून उचलणे अशक्य नाही. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून देवनागरीत 41 खंडांत निघालेले तिपिटक जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वांना वाचावयास मिळेल अशी व्यवस्था करता येईल. भोकरदन परिसरातील प्राचीन अवशेषांची नोंद आपल्याच तरुणांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने करावी, यासाठी विद्यापीठाकडे आग्रह धरता येईल.

सांचीला दान देणाऱ्या भोगवर्धनवासीयाने संपूर्ण स्तूप उभारला नाही. त्याने आपल्या वाट्याचा दगड दिला, त्यावर आपल्या गावाचे नाव कोरले आणि दोन हजार वर्षांनी त्या नावावरून आपण आपला इतिहास वाचला. आपल्या वाट्याचा दगड कोणता, हे प्रत्येक उपासक-उपासिकेने आणि प्रत्येक विहाराने आता ठरवावयाचे आहे.